रुग्णालयातून घरी आलेल्या ज्येष्ठांना पुन्हा उभे करताना: कुटुंबीयांसाठी फिजिओथेरपीची ओळख

सत्तरी ओलांडलेली व्यक्ती खुब्याची शस्त्रक्रिया होऊन किंवा न्यूमोनिया, डेंग्यू यांसारख्या आजारातून उठून घरी येते, तेव्हा आजार बहुधा आटोक्यात आलेला असतो. साथ देत नाहीत ते पाय. पलंगावरून उठायला दोघांचा आधार लागतो, न्हाणीघरापर्यंत जाईतो धाप लागते, आणि घरातली मंडळी मायेपोटी म्हणतात, "आता वय झालं, आराम करू द्या." ही माया खरी असते, परंतु या टप्प्यावर सर्वांत जास्त नुकसान आरामच करतो. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले, तर त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू झडला. आजारी माणसाचे काय होत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

गेलेली ताकद परत येते, हेही तितकेच पक्के आहे. बोस्टनमधील एका वृद्धाश्रमात १९९० च्या सुमारास नव्वदीच्या घरातल्या मोजक्या रहिवाशांकडून आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले, तेव्हा त्यांच्या मांडीची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. वय हा अडथळा नसून मेहनतीचा अभाव हा अडथळा आहे, हे या प्रयोगाने दाखवले. आपल्याकडे मात्र फिजिओथेरपी म्हणजे शेक, मालिश आणि विजेची मशीन अशी समजूत घट्ट बसली आहे. शेकाने दुखणे काही काळ कमी होते आणि त्यामुळे व्यायाम करणे सुसह्य होते, इतकाच त्याचा उपयोग. ताकद परत येते ती स्नायूंनी स्वतः, रोज, थोडे थोडे अवघड होत जाणारे काम केल्यामुळे, आणि हा लेख त्या कामाविषयी आहे.

पहिली पायरी: कागद नीट वाचणे आणि योग्य माणूस निवडणे

घरी निघण्यापूर्वी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारून त्याचे उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे: "या पायावर किती वजन टाकायचे?" पूर्ण वजन, अर्धेमुर्धे वजन आणि फक्त चवडा टेकवणे या तीन सूचनांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि पुढचा सगळा व्यायाम त्यावर ठरतो. खुबा बदलला आहे की हाडात रॉड वा स्क्रू बसवले आहेत, हेही माहीत असायला हवे. खुबा बदललेला असेल आणि शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झालेली असेल, तर सुरुवातीचे काही आठवडे मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, पायावर पाय टाकणे आणि कमरेतून काटकोनापेक्षा जास्त वाकणे सहसा वर्ज्य असते. नेमकी मुदत डॉक्टरच सांगतील. आणखी एक गोष्ट विचारायची बहुतेक घरांत राहून जाते. उभ्या उभ्या घसरून पडल्याने हाड मोडले असेल, तर हाडे ठिसूळ झालेली असण्याची शक्यता मोठी असते. त्यावर वेगळे औषध लागते आणि ते सुरू केले आहे का, याची चौकशी आपणच करावी.

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांसाठीच्या राज्य परिषदेकडे होते. घरी येणाऱ्या व्यक्तीला तिची पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. त्याहून महत्त्वाची परीक्षा पहिल्या भेटीत होते. चांगला फिजिओथेरपिस्ट आधी प्रश्न विचारतो, आजींना खुर्चीतून उठायला सांगून नुसते पाहतो, घरभर हिंडून उंबरठे आणि संडास तपासतो आणि मग व्यायामाला हात घालतो. जो आल्याबरोबर मशीन लावून अर्धा तास मोबाइल पाहत बसतो, त्याला दुसऱ्यांदा बोलावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खर्च झेपत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि अनेक जिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपीचा विभाग असतो. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात १९५२ मध्ये सुरू झालेले फिजिओथेरपीचे विद्यालय देशातले पहिले मानले जाते, आणि हाजी अली येथील केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही गेली कित्येक दशके हेच काम करत आहे. अशा ठिकाणी आठवड्यातून एक-दोनदा जाऊन व्यायाम शिकून घ्यावेत आणि उरलेले दिवस घरी करावेत, ही पद्धत पुष्कळ कुटुंबांना परवडते.

दुसरी पायरी: आज आपण कुठे आहोत ते मोजणे

मोजल्याशिवाय प्रगती दिसत नाही, आणि दिसली नाही तर ज्येष्ठांचा उत्साह टिकत नाही. पायावर पूर्ण वजन टाकण्याची परवानगी असेल तरच पुढील चाचण्या कराव्यात, आणि तेही शेजारी धरायला माणूस उभा असताना.

पहिली चाचणी खुर्चीची. साधारण १७ इंच उंचीची, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या स्त्रियांना १० आणि पुरुषांना १२ वेळाही जमत नसेल, किंवा ऐंशी ते चौऱ्याऐंशी वयात अनुक्रमे ९ आणि १० वेळाही जमत नसेल, तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी आहे आणि पडण्याचा धोका वाढलेला आहे, असे समजतात. हाताचा आधार घ्यावाच लागला तर गुण शून्य लिहावा. सुरुवातीला तो शून्यच असतो आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. दुसऱ्या चाचणीत खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. नेहमीच्या चपला आणि नेहमीची काठी किंवा वॉकर चालतो. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला तर तोलाकडे लक्ष द्यायला हवे. हे आकडे भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवावेत, म्हणजे ते आजी-आजोबांच्याही नजरेसमोर राहतात.

तिसरी पायरी: पलंगावरचे पहिले दिवस

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर शक्यतो दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करावे, अशी आता सर्वमान्य पद्धत आहे. तरीही घरी आल्यानंतरचे पहिले काही दिवस पलंगावर बराच वेळ जातो आणि तो वाया घालवू नये. जागेपणी दर तासाला दोन्ही पायांचे चवडे पुढे-मागे दहा-पंधरा वेळा हलवावेत, त्यामुळे पोटऱ्यांतले रक्त खेळते राहते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघ्याने ती पलंगात दाबावी, मनातल्या मनात पाच आकडे मोजावेत आणि सैल सोडावे. मांडीचा पुढचा स्नायू जागा करण्यासाठी याहून सोपा व्यायाम नाही. टाच पलंगावरून सरकवत गुडघा वाकवणे आणि सरळ करणे हा त्यापुढचा. रुग्णालयाने श्वास ओढून प्लास्टिकचे तीन छोटे चेंडू वर उचलायचे, श्वासाच्या व्यायामाचे यंत्र दिले असेल, तर ते कपाटात न ठेवता उशाशी ठेवावे.

उठून बसण्याची रीतही शिकावी लागते. पाठीवरून सरळ उठण्याऐवजी कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि कोपराने, मग तळहाताने रेटा देत बसावे. खुबा बदललेल्या रुग्णाने कोणत्या कुशीवर वळायचे आणि दोन पायांत उशी ठेवायची का, हे फिजिओथेरपिस्टला आधी विचारून घ्यावे. बसल्यानंतर दोन मिनिटे तसेच थांबून, चक्कर येते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, ते पाहावे. घरात रक्तदाब मोजण्याचे यंत्र असेल तर झोपलेले असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना कळवावे, कारण पुष्कळदा औषधाची मात्रा बदलून हा प्रश्न सुटतो. जेवण मात्र पहिल्या दिवसापासून पलंगावर देऊ नये. सकाळचा चहा, दुपारचे आणि रात्रीचे जेवण या प्रत्येक वेळी खुर्चीत येऊन बसायचे, एवढा एक नियम पाळला तरी स्नायूंचे झडणे बरेच आटोक्यात येते.

चौथी पायरी: खुर्चीतून उठणे

संपूर्ण उपचारात एकच व्यायाम निवडायला सांगितला, तर मी हाच निवडेन. संडासावरून उठणे, पलंगावरून उठणे, रिक्षातून उतरणे या सगळ्यांच्या मुळाशी हीच एक हालचाल आहे, आणि ती स्वतःची स्वतः जमली की माणूस पुष्कळ अंशी स्वावलंबी होतो.

बहुतेक ज्येष्ठ उठताना चुकतात ते पावले पुढे पसरून ठेवल्यामुळे आणि पाठ मागे टेकलेली असतानाच हातांनी जोर लावल्यामुळे. त्याऐवजी आधी बैठकीच्या कडेपर्यंत सरकावे. पावले खांद्याइतक्या अंतरावर ठेवून गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत. शस्त्रक्रिया झालेला पाय मात्र सुरुवातीच्या काळात थोडा पुढेच राहू द्यावा. मग छाती पुढे झुकवावी, इतकी की नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईल, आणि टाचा जमिनीत रोवून उठावे. खुबा बदललेल्या व्यक्तीने इतके झुकायचे नाही; तिने उंच, हातांच्या खुर्चीतून हातांच्या आधाराने उठावे. पूर्ण उभे राहिल्यावर गुडघे आणि कंबर ताठ करून क्षणभर थांबावे. बसणे हा व्यायामाचा दुसरा आणि तितकाच मोलाचा अर्धा भाग आहे. धपकन अंग टाकू नये. चार आकडे मोजत, सावकाश खाली यावे, कारण या सावकाश उतरण्यात मांडीच्या स्नायूंना खरे काम पडते.

सुरुवातीला जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट घडीचे घोंगडे किंवा सतरंजी ठेवून बैठक उंच करावी आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊ द्यावा. सलग आठ-दहा वेळा सहज जमू लागले की एक घडी कमी करावी, त्यानंतर दोन हातांऐवजी एका हाताचा आधार, मग नुसती बोटे टेकवणे, मग हात छातीवर, अशी काठिण्यपातळी वाढवत न्यावी. एका बैठकीत आठ ते बारा वेळा, मध्ये विश्रांती घेऊन दोनदा, इतके पुरे. शेवटचे दोन वेळा कठीण गेले पाहिजेत. बाराव्या वेळीही गप्पा मारत उठता येत असेल तर व्यायाम सोपा झाला आहे असे समजावे.

मदत करणाऱ्याने हात धरून ओढू नये किंवा काखेत हात घालून उचलू नये. त्यामुळे खांदा दुखावतो आणि उठणाऱ्याचा तोल मागे जातो. कमजोर बाजूला, किंचित मागे उभे राहून एक हात उठणाऱ्याच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याला आणि दुसरा छातीच्या पुढे नुसता तयार ठेवावा. आजी धडपडत असताना मदत न करता दहा सेकंद थांबणे घरच्यांना फार जड जाते, पण त्या दहा सेकंदांतच स्नायू काम करत असतात.

पाचवी पायरी: तोल

ताकद आली तरी तोल आपोआप येत नाही. त्याचा वेगळा सराव लागतो. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाने तयार केलेला घरगुती कार्यक्रम यासाठी जगभर वापरला जातो. आठवड्यातून तीन वेळा पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम आणि त्याशिवाय चालणे, अशी त्याची मांडणी आहे, आणि त्याच्या चाचण्यांमध्ये पडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलेले आढळले. यातले बरेच काही आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभे राहून करता येते, कारण ओटा हलत नाही आणि त्याची उंचीही सोयीची असते. दोन्ही हात ओट्यावर ठेवून टाचा उचलणे, मग चवडे उचलणे, ओट्याच्या कडेने आडवे चालणे, आणि एक पाय सरळ ठेवून बाजूला उचलणे, यांनी सुरुवात करावी. बाजूला पाय उचलण्याने कमरेच्या कडेचे स्नायू बळकट होतात; ते कमजोर असले की चालताना माणूस झोकांड्या देतो. जमू लागल्यावर घोट्याला अर्धा किलोची वाळूची पिशवी बांधावी; ती घरी शिवलेली असली तरी चालते.

त्यानंतर पावले जुळवून उभे राहणे, मग एक पाऊल अर्धे पुढे, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून एका रेषेत, अशा तऱ्हेने प्रत्येक स्थितीत दहा सेकंद टिकून राहण्याचा सराव करावा. ओट्याकडे तोंड आणि मागे भिंत किंवा खुर्ची असली, तर पडण्याची भीती वाटत नाही.

सहावी पायरी: वॉकर, काठी आणि जिना

वॉकर विकत आणल्यावर त्याची उंची कोणी बदलतच नाही, असे वारंवार दिसते. हात सैल सोडून ताठ उभे राहिल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या घडीपर्यंत यायला हवी. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय हा क्रम ठेवावा आणि वॉकरच्या पुढच्या दांडीला पोट लावून चालू नये. काठी नेहमी चांगल्या बाजूच्या हातात धरायची असते. दुखऱ्या बाजूला धरा असे शेजारीपाजारी हमखास सांगतात, पण काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे पडल्यावर विरुद्ध हातातली काठीच त्या खुब्यावरचा भार हलका करते. जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली. चालण्यासाठी सपाता नकोत, मागे पट्टा असलेल्या चपला हव्यात. नऊवारी किंवा लांब निऱ्यांची साडी पायात येते, म्हणून काही काळ घोट्याच्या वर राहील असा पोशाख बरा.

साधने घेण्याची ऐपत नसलेल्या, ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २ लाख रुपयांच्या आत असलेल्या ज्येष्ठांसाठी राज्य शासनाची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. त्यात ३,००० रुपयांचे एकरकमी साहाय्य मिळते. अर्जाची माहिती समाजकल्याण कार्यालयात विचारावी. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही उपयोगी पडते.

चालण्याचे अंतर हळूहळू वाढवावे. खोलीतून व्हरांड्यापर्यंत, मग इमारतीच्या आवारात, मग कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतपत वेग योग्य. जागतिक आरोग्य संघटनेने ज्येष्ठांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सुचवली आहे, तिथवर पोहोचायला काही महिने लागले तरी हरकत नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशांवर बाहेर नेण्याचा हट्ट धरू नये, घरातल्या घरात फेऱ्या मारल्या तरी चालतात.

घर आणि ताट

घरातली सर्वांत धोक्याची जागा न्हाणीघर आहे. टॉवेल अडकवायची नळी हा आधार नव्हे. भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा, आणि अंघोळ वाकून न करता खुर्चीवर बसून, बादली तितक्याच उंचीच्या स्टुलावर ठेवून करावी. उंच कमोड, रात्रभर जळणारा दिवा आणि उंबरठ्यावर ठळक रंगाची पट्टी एवढे पहिल्या आठवड्यातच करून घ्यावे. सुटी पायपुसणी सरळ उचलून ठेवावीत.

व्यायाम केला पण ताटात प्रथिने नाहीत, तर स्नायू बनणार कशाचे? ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५५ किलो वजनाच्या आजींना ५५ ते ६६ ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधातूनही जवळपास तितकीच, आणि शंभर ग्रॅम मासळीतून २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. चहा-बिस्किटे आणि पेज यांवर आठवडे काढणाऱ्या माणसाची ही गरज भागत नाही. पिठले, घट्ट वरण, मटकीची उसळ, दही, पनीर यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

कधी थांबायचे

व्यायामानंतर मांड्या भरून येणे स्वाभाविक आहे. दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळीही वाढलेलेच असेल, तर व्यायाम बंद न करता थोडा कमी करावा. परंतु एका पोटरीला सूज येऊन ती गरम आणि दुखरी झाली, अचानक धाप लागली, छातीत दुखू लागले, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, ताप आला, बोलणे अडखळू लागले किंवा शस्त्रक्रिया झालेला पाय एकाएकी आखूड दिसू लागला, तर व्यायाम तिथेच थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. छातीत दुखणे, धाप लागणे आणि वाचा अडखळणे यांसाठी १०८ वर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटची पायरी: जमिनीवर बसणे आणि उठणे

आपल्या घरांत पूजा, पंगत, भजन हे सगळे जमिनीवर चालते, त्यामुळे अनेक आजी-आजोबांचे खरे उद्दिष्ट पुन्हा जमिनीवर बसता येणे हेच असते. खुबा किंवा गुडघा बदललेल्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हे करू नये. काहींना ते कायमचे वर्ज्य असते आणि त्यांच्यासाठी चौरंगाऐवजी टेबलावर पूजा मांडावी. ज्यांना परवानगी आहे त्यांनी सराव फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, जाड सतरंजीवर आणि शेजारी भक्कम खुर्ची ठेवून करावा. उठताना कुशीवर वळून कोपरावर यावे, मग हातागुडघ्यांवर, मग रांगत खुर्चीपर्यंत जाऊन दोन्ही हात बैठकीवर ठेवावेत, जोरकस पायाचे पाऊल पुढे रोवावे आणि वळून खुर्चीत बसावे.

हीच रीत घसरून पडल्यानंतर उठायलाही कामी येते, म्हणून घरात एकदा तरी सर्वांसमोर तिचा सराव व्हावा. मात्र पडलेल्या माणसाला घाईने उचलू नये. आधी कुठे दुखते ते विचारावे. मांडीच्या सांध्यात तीव्र वेदना असतील किंवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, तर त्याला हलवू नये, अंगावर पांघरूण घालून रुग्णवाहिकेची वाट पाहावी. दुखत नसेल तर खुर्ची त्याच्या जवळ सरकवावी आणि वर सांगितलेल्या क्रमाने त्याचे त्याला उठू द्यावे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी मोबाइल टेबलावर न ठेवता गळ्यातल्या कापडी पिशवीत ठेवावा, म्हणजे जमिनीवर असतानाही तो हाताला लागतो.